बहुरूपी ॲलेक गिनेस

लंडन शहराच्या मेडा व्हेल भागांत १९१४ सालच्या एप्रिल महिन्याच्या २ तारखेस एक मुलगा जन्मास आला. सरकारी दप्तरांत त्याची नोंद झाली ती 'ॲलेक गिनेस द कफ' अशी. आईचें नांव ॲग्नेस कफ. बापाच्या नांवाचा रकाना मात्र कोराच राहिला, आणि तो पुढें कोणींही भरला नाहीं. अँड्रू गेडिस नांवाचा एक स्कॉटिश पेढीवाला गृहस्थ ह्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च चालवीत असे. तोच आपला बाप असावा असा तर्क मुलानें मोठेपणीं बांधला. परंतु तर्क म्हणजे दाखला नव्हे. ज्याला स्वतःच्या नांवाची खात्री नव्हती अशा ह्या मुलानें पुढें बासष्ट वर्षें दुसऱ्यांचीं नांवें, दुसऱ्यांचे चेहरे आणि दुसऱ्यांच्या चाली घेऊन जगाचें रंजन केलें. सर ॲलेक गिनेस ह्या नांवानें जग त्याला ओळखूं लागलें खरें, पण रस्त्यांत भेटला असतां फारच थोड्यांनीं त्याला ओळखलें असतें.

इंग्रजी रंगभूमीवर विसाव्या शतकांत मोठमोठे नट होऊन गेले. जॉन गीलगुडचा आवाज ऐकावयास लोक जात; लॉरेन्स ऑलिव्हिएची ऐट पाहावयास जात. भूमिका कोणतीही असो, तिच्या आडून नट दिसावा अशीच प्रेक्षकांची अपेक्षा असे, व ती वावगी म्हणतां येणार नाहीं. गिनेसची तऱ्हा निराळी होती. आपल्या गांवीं बहुरूपी येतो. आज तो पोलीस होऊन दारांत उभा राहतो, उद्यां बैरागी होऊन येतो. सोंग उत्तम वठलें म्हणजे घरांतलीं माणसें क्षणभर दचकतात आणि मग हंसतात. परंतु त्या सोंगाखालचा माणूस कोण, कोठला, ह्याची चौकशी कोणी करीत नाहीं. गिनेस हा त्या जातीचा नट होता.

त्याचें बालपण सुखाचें नव्हतें. आईचें बिऱ्हाड एका ठिकाणीं म्हणून टिकत नसे. आज ह्या हॉटेलांत, उद्यां त्या खाणावळींत, आणि निघतांना पुष्कळदां देणें तसेंच मागें ठेवून, असा तो संसार होता. मुलगा पांच वर्षांचा असतांना तिनें डेव्हिड स्टिव्हन नांवाच्या लष्करी कॅप्टनाशीं लग्न केलें. हा मनुष्य तापट आणि दांडगा निघाला, व तीन वर्षांत तें लग्न मोडलें. तेवढ्या अवधींत मुलाचें नांव मात्र ॲलेक स्टिव्हन असें पडून गेलें होतें. चौदाव्या वर्षीं त्याला सांगण्यांत आलें कीं, तुझें आडनांव स्टिव्हन नव्हे, गिनेस आहे. त्या वयांत मुलें स्वतःचें नांव पुस्तकाच्या पानापानावर मोठ्या हौसेनें लिहीत असतात; तेव्हां ह्या मुलाला काय वाटलें असेल ह्याची कल्पना करणें कठीण नाहीं.

वसतिगृहाच्या शाळा हाच त्याला त्यांतल्या त्यांत आसरा होता. ईस्टबोर्नच्या शाळेंत 'मॅकबेथ' नाटक झालें, त्यांत त्याला धांवत येऊन बातमी सांगणाऱ्या जासुदाचें काम मिळालें. आपल्या प्रवेशाच्या आधीं हा मुलगा शाळेच्या मैदानाला फेरी मारून धांवून आला आणि खरोखरच धापा टाकीत रंगमंचावर शिरला. पुढें अभिनयाविषयीं कितीही ग्रंथ लिहिले गेले असले, तरी गिनेसची सारी विद्या त्या एका फेरींत आलेली आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचें मत मात्र हा मुलगा नट होणार नाहीं असें होतें. मास्तरलोकांचीं असलीं भाकितें किती खरीं ठरतात ह्याचा हिशेब कोणीं ठेवीत नाहीं, हें मास्तरांचें भाग्यच म्हणावयाचें.

शाळा सुटल्यावर अठराव्या वर्षीं तो लंडनमधील एका जाहिरात कचेरींत मजकूर लिहिण्याच्या कामावर लागला. मन तिकडे नव्हतें. धीर करून त्यानें गीलगुडला विचारलें कीं, अभिनय कोणापाशीं शिकावा. गीलगुडनें मार्टिटा हंट ह्या नटीचें नांव सांगितलें. तिनें कांहीं दिवस शिकविलें आणि मग तुझ्या अंगीं हा गुण नाहीं, असें स्वच्छ सांगितलें. तो हटला नाहीं. हीच मार्टिटा हंट पुढें त्यानें नाट्यरूप दिलेल्या डिकन्सच्या कथेंत त्याच्याच सोबत रंगभूमीवर उभी राहिली, हा योग मौजेचा आहे. फे कॉम्प्टन हिच्या नाट्यशाळेंत त्याला शिष्यवृत्ति मिळाली, आणि तेथील वार्षिक परीक्षेंत गीलगुड परीक्षक असतांना बक्षीसही मिळालें. १९३४ सालीं, आपल्या विसाव्या वाढदिवशीं, 'लायबल' नांवाच्या नाटकांत तो प्रथम व्यवसायी रंगभूमीवर आला. त्या भूमिकेला एकही शब्द बोलावयाचा नव्हता.

ते दिवस उपासाचे होते. एकदां काम मिळेल ह्या आशेनें तो गीलगुडला भेटावयास गेला, तेव्हां त्याची दशा पाहून गीलगुडनें मेजावरच्या नोटा पुढें केल्या व वीस पौंड घे म्हणून सांगितलें. गिनेसच्या खिशांत त्या वेळीं अर्ध्या क्राउनाचें नाणें तेवढें होतें. पण मला गरज नाहीं, असें सांगून तो बाहेर पडला. लौकरच पिकॅडिली नाट्यगृहांत त्याला 'क्वीअर कार्गो' नांवाच्या नाटकांत काम मिळालें. एकाच नाटकांत पहिल्या अंकांत चिनी हमाल, मग फ्रेंच चांचा आणि शेवटीं इंग्रज खलाशी, अशीं तीन सोंगें त्याला घ्यावीं लागलीं. मालकानें पगार वांचविण्यासाठीं लावलेली ही युक्ति असावी. पण गिनेसच्या पुढील आयुष्याचा पाढा तिनें आधींच वाचून दाखविला.

त्याच वर्षाच्या अखेरीस गीलगुडनें 'हॅम्लेट' बसविलें आणि ऑस्रिक ह्या नखरेल दरबाऱ्याचें काम गिनेसला दिलें. तालमींत गीलगुडच्या सूचना उलटसुलट येत. आज उजवीकडून ये, उद्यां डावीकडून. आज हळू बोल, उद्यां भरभर. आठवड्याभरांत गिनेस इतका गोंधळला कीं गीलगुडनें वैतागून त्याला घालवून दिलें. जा, कोणाकडून तरी शिकून आठवड्यानें परत ये! बिचारा आठवडाभर लंडनच्या बागांतून भटकत राहिला. परत आल्यावर त्यानें काम करून दाखविलें आणि गीलगुड खूष झाला. मधल्या आठवड्यांत तो कोणाकडूनही शिकला नव्हता.

त्याची स्वतःची शिकण्याची पद्धति वेगळीच होती. रस्त्यानें जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या मागोमाग तो चालूं लागे. त्याचे खांदे, त्याची पावलें, हात हलविण्याची त्याची लकब आपल्या अंगांत मुरवून घेई. एखाद्या पात्राची चाल एकदां सांपडली म्हणजे त्याचा आवाज, त्याची नजर आणि त्याचें मन हीं मागाहून आपोआप येतात, अशी त्याची श्रद्धा होती. बहुतेक नट आंतून बाहेर येतात; हा पायांपासून सुरुवात करून वर चढे.

ओल्ड व्हिक नाट्यगृहांत टायरोन गथ्री ह्या दिग्दर्शकाच्या हाताखालीं १९३८ सालीं तो स्वतः हॅम्लेट झाला, आणि तोही आधुनिक पोशाखांत. त्याच वर्षीं मेरुला सलामन ह्या नटीशीं त्याचा विवाह झाला. 'नोआ' नांवाच्या नाटकांत ती वाघाचें सोंग घेत असे, तेव्हांपासूनची ही ओळख. दुसऱ्याच वर्षीं त्यानें डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ह्या कादंबरीचें नाटक करून त्यांत हर्बर्ट पॉकेट ह्या आनंदी तरुणाचें काम केलें. प्रेक्षकांत डेव्हिड लीन नांवाचा एक चित्रपट जोडणारा तरुण होता, त्याच्या तें लक्षांत राहिलें.

मग महायुद्ध आलें. १९४१ सालीं गिनेस आरमारांत साधा खलाशी म्हणून शिरला, पुढील वर्षीं अधिकारी झाला, आणि सैन्य किनाऱ्याला उतरविणाऱ्या एका नौकेचें आधिपत्य त्याच्याकडे आलें. जुलै १९४३ मधील सिसिलीच्या स्वारींत वेळ पुढें ढकलल्याचा संदेश त्याच्या नौकेस पोंचलाच नाहीं. तो आपला मूळच्या ठरल्या वेळीं एकटाच किनाऱ्यास लागला! मागून आलेला वरिष्ठ अधिकारी उशीर केलास म्हणून उलट त्याच्यावरच ओरडूं लागला, तेव्हां गिनेसनें सांगितलें कीं, आमच्या नाटकवाल्यांत जाहीर केलेल्या वेळेलाच पडदा वर जातो. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्रीं ॲड्रिॲटिक समुद्रांत वादळानें त्याची नौका फुटली. युद्धांत केलेली नायकाची भूमिका ही आपल्या सर्व भूमिकांत लांबलेली भूमिका होती, अशा अर्थाचें तो पुढें थट्टेनें म्हणे.

युद्ध संपलें आणि लीननें त्याला हुडकून काढलें. १९४६ सालच्या बोलपटांत तो पुन्हां हर्बर्ट पॉकेट झाला. पुढें लीन 'ऑलिव्हर ट्विस्ट' करणार असें कळतांच गिनेसनें फेगिनचें काम मागितलें. पोरांना चोऱ्या शिकविणारा हा म्हातारा यहुदी कोठें आणि हा तिशीतला गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण कोठें! लीननें नकार दिला. गिनेस म्हणाला, मला एकदां सोंग घेऊन तुमच्यासमोर येऊं द्या. त्याआधीं मात्र कांहीं विचारूं नका. तो आला, तेव्हां पुस्तकांतील क्रुकशँकच्या जुन्या चित्रांतला फेगिनच चालत आल्याचें लीनला वाटलें, आणि काम त्याचें झालें.

सोंग हुबेहूब वठलें. पण तें कोणत्या चित्राशीं हुबेहूब होतें, हा प्रश्न मागें उरलाच. क्रुकशँकनें काढलेलें तें वांकडें लांब नाक म्हणजे यहुद्यांची कुचेष्टा करणारें जुनें चित्र होतें, आणि १९४८ साल म्हणजे हिटलरच्या छळछावण्या उघड्या पडून अवघीं तीन वर्षें झालेलीं. बर्लिनमध्यें १९४९ सालीं हा बोलपट लागला, तेव्हां छळांतून वांचलेल्या यहुद्यांनीं चित्रगृहापुढें निदर्शनें केलीं व खेळ बंद पडला. अमेरिकेंत तो १९५१ पर्यंत दाखविला गेला नाहीं, आणि दाखविला तोही कापून. गिनेसच्या मनांत द्वेष नव्हता ह्यांत शंका नाहीं. परंतु बाह्य रूप तंतोतंत उचलणाऱ्या कलावंतानें तें रूप पूर्वीं कोणीं, कशासाठीं रेखाटलें हें विचारलें नाहीं, तर काय होतें तें येथें दिसून आलें. हा धडा त्याला पुढें पुन्हां एकदां गिरवावा लागावयाचा होता.

१९४९ सालीं 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' हा ईलिंग स्टुडिओचा बोलपट निघाला. त्याचा दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. एका सरदार घराण्यानें तुच्छ लेखलेला दूरचा नातलग त्या घराण्यांतील वारसांना एकामागून एक नाहींसें करून शेवटीं स्वतः ड्यूक होतो, अशी ती काळी विनोदी कथा आहे. हा खुनी वारस झाला होता डेनिस प्राइस. गिनेसला त्याच्या बळींपैकीं चार भूमिका देऊं केल्या होत्या. तो म्हणाला, चारच कां, आठही मलाच द्या. आणि त्यानें त्या आठही केल्या: ड्यूक, पेढीवाला, धर्मोपदेशक, सेनापति, आरमाराधिपति, दोन तरुण, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडणारी लेडी ॲगाथा. ह्यांपैकीं एक धबधब्यावरून बुडतो, एक छायाचित्रें धुण्याच्या खोलींत उडतो, एक विषारी मद्य पितो, लेडी ॲगाथा विमानाच्या फुग्यांतून खालीं येते, आरमाराधिपति टोपीला हात लावून सलामी देत जहाजाबरोबर पाण्यांत जातो.

ही आठ माणसें एका रक्ताचीं आहेत हें पाहतांक्षणीं पटतें आणि तरीही त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नाहीं. मौज अशी कीं गिनेसनें कोठेंही भडक रंग भरलेला नाहीं. धर्मोपदेशकाच्या बोलण्यांतला एक सूर, सेनापतीच्या मानेचा एक ताठा, एवढ्यावरच भागविलें आहे. चर्चमधील एका दृश्यांत त्यांपैकीं सहा जण एकाच वेळीं दिसतात. आज असलें काम यंत्रांच्या साहाय्यानें सहज होतें. त्या वेळीं डग्लस स्लोकम ह्या छायालेखकाला तें कॅमेऱ्यांतच साधावें लागलें. भिंगापुढें काळे पडदे लावून चौकटीचा एकच भाग उघडा ठेवावयाचा, गिनेसला त्या जागीं बसवून चित्रण करावयाचें, मग फिल्म मागें गुंडाळून दुसरा भाग उघडावयाचा आणि दुसरें सोंग घेऊन आलेल्या गिनेसला शेजारीं बसवावयाचें. कॅमेरा केसभर हलला तरी सारी मेहनत वायां. म्हणून स्लोकमनें कॅमेरा जमिनीशीं जखडून टाकला, आणि रात्रीं कोणाचा धक्का लागूं नये म्हणून तो स्टुडिओंत कॅमेऱ्यापाशींच झोंपला. पडद्यावर ह्या मेहनतीचा मागमूसही दिसत नाहीं.

ह्यानंतर ईलिंगचे 'द लॅव्हेंडर हिल मॉब', 'द मॅन इन द व्हाइट सूट' आणि 'द लेडीकिलर्स' हे विनोदी बोलपट आले आणि गिनेसचें नांव समुद्रापार गेलें. त्यांचें वर्णन करीत बसण्यापेक्षां ते पाहावे हेंच बरें.

यशाच्या ह्याच काळांत त्याला एक जबर ठोकर बसली. १९५१ च्या मे महिन्यांत लंडनच्या न्यू थिएटरांत त्यानें पुन्हां 'हॅम्लेट' बसविलें आणि नायकही तोच झाला. पहिल्याच रात्रीं दिव्यांचा घोटाळा झाला; भुताच्या प्रवेशांत लख्ख उजेड आणि भलत्याच ठिकाणीं अंधार. वरच्या मजल्यावरच्या प्रेक्षकांनीं हुर्यो केली. परंतु दोष केवळ दिव्यांचा नव्हता. हॅम्लेट ही अशी भूमिका आहे कीं, तेथें नटाला दुसऱ्याआड लपतां येत नाहीं. स्वतःचें अंतरंगच उघडें करावें लागतें. आठ जणांचीं सोंगें एकाच वेळीं घेणाऱ्याला एक स्वतः होतां आलें नाहीं. त्यानें हें अपयश स्वतःच्या माथ्यावर घेतलें आणि पुन्हां त्या भूमिकेच्या वाटेस गेला नाहीं. दोन वर्षांनीं, १९५३ च्या जुलैंत, गथ्रीच्या बोलावण्यावरून तो कॅनडांतील स्ट्रॅटफर्ड गांवीं गेला व तेथील नव्या नाट्योत्सवाचा पहिला खेळ त्यानें तिसरा रिचर्ड होऊन एका प्रचंड तंबूंत केला. लपावयास कुबड मिळालें कीं गिनेस मोकळा होई.

'फादर ब्राउन' ह्या बोलपटासाठीं तो फ्रान्समधील बरगंडी प्रांतांत होता. संध्याकाळीं पाद्र्याच्या झग्यांतच तो वस्तीच्या जागीं परतत असतां एक लहान मुलगा धांवत आला आणि त्यानें ह्याचा हात धरला. त्याला वाटलें हा खराच पाद्री. बडबड करीत तो बराच वेळ सोबत चालला व शेवटीं नमस्कार करून निघून गेला. ज्या धर्माचें नुसतें वस्त्र पाहून अनोळखी मूल निर्धास्तपणें हात धरतें त्या धर्मांत कांहीं तरी असलें पाहिजे, असें गिनेसच्या मनानें घेतलें. त्याच सुमारास त्याचा एकुलता मुलगा मॅथ्यू पोलिओनें अंथरुणास खिळला होता. कामावरून परततांना बाप वाटेंतल्या एका रोमन कॅथलिक देवळांत जाऊन बसे, आणि मुलगा बरा झाला तर त्याला त्या पंथांत जाण्यास आडकाठी करणार नाहीं, असा नवस त्यानें केला. मुलगा बरा झाला. १९५६ सालीं गिनेस स्वतः कॅथलिक झाला. सोंगानें माणसाला बदलल्याचीं उदाहरणें थोडीं, त्यांतलें हें एक.

मॅथ्यूचा संबंध आणखीही एका ठिकाणीं येतो. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा लीनचा बोलपट सिलोनांत तयार झाला व १९५७ सालीं निघाला. जपान्यांच्या कैदेंतला इंग्रज कर्नल निकल्सन शिस्तीच्या हट्टापायीं शत्रूलाच पूल बांधून देतो, ही त्याची कथा. गिनेसनें ही भूमिका प्रथम नाकारली होती, आणि घेतल्यावरही ती कशी करावी ह्यावरून लीनशीं त्याचे खटके उडत. पत्र्याच्या तापलेल्या कोठडींत बरेच दिवस कोंडल्यावर निकल्सनला बाहेर काढतात. आपल्या शिपायांच्या देखत पाय लटपटूं न देण्याचा निश्चय करून तो मैदान ओलांडतो. आजारांतून उठल्यावर मॅथ्यू जसा चालत असे, ती चाल गिनेसनें तेथें घेतली. जगाला दिसला तो एका हट्टी कर्नलाचा अभिमान. बापाला काय दिसत असेल तें त्याचें त्याला ठाऊक. ह्या भूमिकेबद्दल अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक त्याला मिळालें, आणि १९५९ च्या आरंभीं राणीनें त्याला 'सर' ही पदवी दिली.

ह्यापुढील वीस वर्षांतील भूमिकांची नुसती यादी दिली तरी पान भरेल. 'द हॉर्सेस माउथ' ह्या बोलपटाची पटकथा त्यानें स्वतः लिहिली व त्यांतल्या भणंग चित्रकाराचें कामही केलें. 'ट्यून्स ऑफ ग्लोरी' मधील तांबड्या केसांचा दारुडा स्कॉटिश कर्नल हा निकल्सनचा अगदीं उलटा नमुना आहे. १९६० सालीं नाटकांत तो टी. ई. लॉरेन्स झाला आणि दोनच वर्षांनीं लीनच्या बोलपटांत त्याच लॉरेन्सचा अरब मित्र अमीर फैसल. बोलण्याची ढब त्यानें सहनट ओमर शरीफ ह्याच्याशीं गप्पा मारतां मारतां उचलली. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर कवि डिलन टॉमस होऊन त्यानें टोनी पारितोषिक मिळविलें. रोमचा बादशहा, इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स, पोप, हिटलर, कोणीही त्याला वर्ज्य नव्हता.

साठी उलटल्यावर १९७७ सालीं 'स्टार वॉर्स' आला. त्यांतील ओबी-वॉन केनोबी ह्या वृद्ध योद्ध्याच्या कामाबद्दल त्यानें उत्पन्नांत सुमारे सव्वादोन टक्के वांटा ठरवून घेतला होता. पैशाची ददात त्यामुळें कायमची मिटली. पण ज्यानें जन्मभर एकाच चेहऱ्यांत अडकणें टाळलें त्याला शेवटीं ह्याच एका चेहऱ्यानें पकडलें. जगभरचीं मुलें त्याला ओबी-वॉन म्हणूनच हांक मारीत. एका बारा वर्षांच्या मुलानें आपण हा बोलपट शंभरांहून अधिक वेळां पाहिल्याचें त्याला अभिमानानें सांगितलें. गिनेसनें विचारलें, माझ्यासाठीं एक करशील? तो पुन्हां कधींही पाहूं नकोस. मुलगा रडूं लागला आणि त्याची आई संतापली. म्हाताऱ्याचें बोलणें कठोर होतें हें खरें. अयोग्य होतें असें मात्र म्हणवत नाहीं.

बी. बी. सी. नें १९७९ सालीं जॉन ल कारे ह्याची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही कादंबरी दूरचित्रवाणीवर आणली आणि गिनेस जॉर्ज स्माइली झाला. हा गुप्तहेर खात्यांतला सेवानिवृत्त अधिकारी. जाड भिंगांचा चष्मा, हळू पावलें, बोलणें कमी. भूमिकेच्या तयारीसाठीं गिनेसनें गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड ह्यांच्याबरोबर ल कारेच्या मध्यस्थीनें एकदां भोजन केलें, आणि समोरचा माणूस हात कसे ठेवतो, पेला कसा धरतो, हें टिपून घेतलें. हेरावर पाळत ठेवण्याची ही संधि नटाला बहुधा पहिल्यानेंच मिळाली असावी. समोरचा माणूस बोलत असतां स्माइली नुसता ऐकत बसतो आणि प्रेक्षक त्या ऐकणाऱ्याकडे पाहत राहतो. लपण्याची कला अंगीं बाणलेल्या नटाला लपणें हाच ज्याचा धंदा असा माणूस मिळाला. ह्याहून चांगली भूमिका त्याच्या वांट्यास आली नाहीं.

ह्यानंतर आली ती भूमिका मराठी माणसाला विशेष जिव्हाळ्याची आहे. ई. एम. फॉर्स्टर ह्याच्या १९२४ सालच्या 'अ पॅसेज टु इंडिया' ह्या कादंबरींत प्राध्यापक नारायण गोडबोले नांवाचे दक्षिणी ब्राह्मण आहेत. फॉर्स्टर १९२१ सालीं माळव्यांतील थोरल्या पातीच्या देवास संस्थानांत तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी चिटणीस होता. तेथील मराठी दरबारांत त्यानें गोकुळअष्टमीचा उत्सव डोळ्यांनीं पाहिला. कादंबरीच्या शेवटच्या भागांत तो उत्सव आहे, आणि तेथें गोडबोले तुकारामाच्या नांवाचा गजर करीत देवापुढें मागें-पुढें नाचतात. इंग्रज लेखकाच्या कादंबरींत आमचा तुकोबा असा येऊन उभा राहतो हें पुष्कळांना ठाऊक नसतें. गोडबोल्यांचें रूप फॉर्स्टरनें नेमकें टिपलें आहे: करडी मिशी, निळसर घारे डोळे, आणि युरोपियनासारखा गोरा वर्ण. आडनांव आणि हें वर्णन एकत्र वाचलें म्हणजे कोणत्याही मराठी वाचकापुढें एखादे कोकणस्थ आजोबा उभे राहतात.

१९८४ सालीं लीननें ह्या कादंबरीचा बोलपट केला आणि गोडबोल्यांची भूमिका दिली सत्तर वर्षांच्या गिनेसला. व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफ्री, रोशन सेठ असे कसलेले हिंदी नट त्याच बोलपटांत असतां इंग्रज गोडबोले कशासाठीं, असा प्रश्न टीकाकारांनीं विचारला, आणि तो रास्तच होता. रंगभूषाकारानें गिनेसचा गोरा चेहरा सांवळा करून टाकला. म्हणजे ज्या भूमिकेला त्याचा स्वतःचा रंग चालला असता तेथेंच नेमका दुसरा रंग फांसला गेला! हिंदी माणूस कसा दिसावा ह्याचें एक ठरीव चित्र पाश्चात्त्यांच्या मनांत होतें. फेगिनच्या नाकाप्रमाणें येथेंही त्या चित्रालाच कलावंत शरण गेला.

पण रंगापेक्षां मोठी उणीव दुसरीच होती. गोडबोल्यांचें सारें मर्म त्या नाचांत आहे. शिकलेला, मोजकें बोलणारा, कोणत्याही भांडणांत बाजू न घेणारा हा मनुष्य देवापुढें देहभान विसरतो, तेव्हां कुठें तो वाचकाला कळतो. गिनेसनें त्या नाचाची तयारी केली, दृश्य चित्रितही झालें. लीननें तें कापून टाकलें. मागें उरला तो पगडी घातलेला, गूढ बोलणारा, कांहींसा हास्यास्पद म्हातारा. गिनेसला ह्याचें फार वाईट वाटलें. सहा बोलपट एकत्र केलेल्या त्या दोन मित्रांत ह्यावरून कायमचें वितुष्ट आलें. नाच ठेवला असता तरी भूमिका साधली असती कीं नाहीं ह्याची शंकाच आहे. चाल रस्त्यावरच्या माणसाकडून उचलतां येते, बोलण्याची ढब मित्राकडून घेतां येते. तुकोबाचें नांव तोंडीं येतांच मनांत जें हलतें, तें सत्तराव्या वर्षीं चार-सहा महिन्यांच्या मुक्कामांत कोठून आणावयाचें? तथापि त्यानें ती भूमिका हंसण्यावारी नेली नव्हती, एवढें श्रेय त्याला दिलें पाहिजे.

पुढें 'लिटल डॉरिट' मध्यें कर्जापायीं वर्षानुवर्षें तुरुंगांत राहून तेथेंच स्वतःचा दरबार भरविणाऱ्या विल्यम डॉरिटचें काम त्यानें केलें, आणि पुन्हां तो पूर्वींचा गिनेस दिसला. हॅम्पशायरमधील पीटर्सफील्ड गांवाजवळच्या आपल्या घरीं तो व मेरुला शांतपणें राहत. वयाच्या सत्तरीनंतर त्यानें आत्मचरित्रपर तीन पुस्तकें लिहिलीं. त्यांतल्या दुसऱ्याचें, १९९६ सालीं निघालेल्या पुस्तकाचें, नांव 'माय नेम एस्केप्स मी' असें आहे. माझें नांवच मला आठवेना, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीं त्यानें दूरचित्रवाणीवरचें आपलें शेवटचें काम केलें. ५ ऑगस्ट २००० रोजीं ससेक्समधील मिडहर्स्ट येथें यकृताच्या कर्करोगानें त्याला मृत्यु आला. तेव्हां त्याचें वय ८६ होतें. त्याला पीटर्सफील्डच्या दफनभूमींत पुरलें. मेरुला त्याच्यामागून ऑक्टोबर महिन्यांत वारली.